वाचले म्हणजे आले?
परीक्षेत मागे पडणारा विद्यार्थी आळशीच असतो असे नव्हे. अनेकदा तो रात्र रात्र वाचतो, पण पुस्तक मिटून स्वतःला प्रश्न विचारीत नाही. रोडिगर व कार्पिकी या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग बोलका आहे. उतारा दोनदा वाचणारे पाच मिनिटांनंतर सरस ठरले. आठवड्यानंतर मात्र त्यांना ४२ टक्केच आठवले, तर एकदा वाचून मग न पाहता लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. या सवयीला ना शिकवणीचे शुल्क लागते, ना गाईड. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ मध्ये नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ उपक्रम सुचविला. तो स्वागताच्या भाषणांतच आटोपू नये. घरातून प्रथमच महाविद्यालयाची पायरी चढणाऱ्या मुलाने अभ्यासाची रीत विचारावी तरी कोणाला?