इंग्रजी अर्जातील आपले क्रियापद



चामटोली, बदलापूर, अंबरनाथकडील आपल्या तरुणांचे इंग्रजी अर्ज आमच्या नजरेखालून नित्य जातात. हस्ताक्षर सुबक, कागदपत्रे पूर्ण. परंतु धर्माचे वाक्य आले की इंग्रजी लंगडू लागते. बहुतेकांचे वाक्य असे असते : 'आय हॅव एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन २०१९.' मराठीत 'मी २०१९ साली बौद्ध धम्म स्वीकारला आहे' हे निर्दोष होय. इंग्रजीत मात्र साल सांगितले की 'हॅव' गळलेच पाहिजे. 'आय एम्ब्रेस्ड बुद्धिझम इन २०१९' असेच लिहावे. 'आय वॉज कन्व्हर्टेड' हे व्याकरणाने चूक नाही. पण त्यात कर्ता दुसराच कोणी होतो आणि आपण कर्म होऊन बसतो. दीक्षा जर आपण स्वेच्छेने घेतली, तर क्रियापदही आपलेच असावे.

ही केवळ शब्दांची कसरत आहे असे कोणी समजू नये. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाच्या तिसऱ्या परिच्छेदात 'प्रोफेस' हे क्रियापद आहे. हिंदू धर्माहून भिन्न धर्म जो 'प्रोफेस' करतो तो अनुसूचित जातीचा मानला जाणार नाही, असे त्यात मुळात म्हटले होते. १९५६ साली तेथे शिखांचा समावेश झाला; बौद्धांचा नाही. पुढे १९६२ साली नागपुरातील राखीव जागेवरून विधानसभेवर निवडून आलेल्या डी. पी. मेश्राम यांची निवडणूक याच शब्दावर अडली. पंजाबराव विरुद्ध मेश्राम या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शब्दकोश उघडून अर्थ ठरविला : मनात मानणे पुरेसे नव्हे, श्रद्धा उघडपणे जाहीर करणे म्हणजे 'प्रोफेस'. मेश्राम यांनी तर १९५७ साली जाहीरपणे दीक्षा घेतलेली. जागा गेली! त्या परिच्छेदात 'बौद्ध' हा शब्द पडावयास १९९० साल उजाडले.

तेव्हा आज 'आय प्रोफेस बुद्धिझम' असे निर्भयपणे लिहा. 'आय ॲम प्रोफेसिंग' मात्र नको, आणि 'आय ॲम बिलाँगिंग टू'ही नको. ही घटकाभर चाललेली क्रिया नव्हे, कायमची स्थिती आहे. 'आय बिलाँग टू' एवढेच पुरे.

आणखी एक. अर्जाच्या आरंभी 'आय बेग टू स्टेट' लिहिण्याची खोड साहेब गेला तरी कचेऱ्यांतून गेलेली नाही. 'बेग' म्हणजे याचना. हक्काच्या दाखल्यासाठी याचना कशाला? 'आय स्टेट' म्हणावे, आणि शेवटी 'युवर ओबीडियंट सर्व्हंट' खोडून 'युवर्स फेथफुली' लिहून सही करावी.