बिनकेसांच्या मांजरीचे वकील आणि वैरी

2016 साली कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात काही जणांनी मोठ्या हौसेने स्फिंक्स जातीची पिल्ले विकत घेतली. घरी आणल्यावर थोड्याच दिवसांत पिल्लांच्या अंगावर केस उगवू लागले. ती साधीच पिल्ले होती. कोणीतरी त्यांची हजामत करून, ‘बिनकेसांची विदेशी जात’ म्हणून शेकडो डॉलरना ती गळ्यात मारली होती. बातमी वाचून लोक पोट धरून हसले. पिल्लांच्या बाजूने पाहिले तर त्यात हसण्यासारखे काही नव्हते. घेणाऱ्यांच्या बाजूने मात्र होते. त्यांनी मांजर पाहिलीच नव्हती, केस नाहीत एवढेच पाहिले होते.

या जातीभोवती गेली काही वर्षे जो वाद चालू आहे, त्याचे मूळ नेमके इथे आहे. एका बाजूला वकील आहेत. त्यात विकणारे आले, फोटोवर भाळणारे आले आणि ‘मांजर हवी, पण सोफ्यावर केस नकोत’ म्हणणारे शहरी गृहस्थ आले. दुसऱ्या बाजूला वैरी. कोणाला ही मांजर भुतासारखी दिसते. 1997 च्या ‘ऑस्टिन पॉवर्स’ या सिनेमात खलनायकाच्या मांडीवर हीच मांजर बसवली गेली आणि ‘फ्रेंड्स’ या मालिकेतल्या रेचेलने हौसेने आणलेली मांजरही हीच. दोन्हीकडे तिच्या रूपावर विनोद झाले. पण वैऱ्यांत काही गंभीर माणसेही आहेत. पशुवैद्य आहेत, प्राणिकल्याणाचे कायदे करणारे आहेत. वकिलांचे बहुतेक दावे खोटे आहेत, हे आधी सांगून टाकावे. वैऱ्यांचे सगळे आक्षेप मात्र खरे नाहीत, आणि जे खरे आहेत ते सहसा बोललेच जात नाहीत.

आधी जन्मकथा. ही मांजर पिरॅमिडांच्या देशातली प्राचीन जात नाही, आणि प्रयोगशाळेत घडवलेला राक्षसही नाही. 1966 मध्ये टोरांटोत एका साध्या घरगुती मांजरीला बिनकेसांचे पिल्लू झाले. त्याचे नाव ठेवले प्रून. त्याच्यापासून वंश वाढवायचा खटाटोप झाला, पण पिल्ले अशक्त निघाली. अमेरिकेतल्या सीएफए या नोंदणीसंस्थेने दिलेली तात्पुरती मान्यता 1971 मध्ये काढून घेतली आणि तो वंश पुढे संपला. आजच्या स्फिंक्सचे पूर्वज निराळे. अमेरिकेत मिनेसोटा राज्यातल्या एका शेतावर जेझबेल नावाच्या मांजरीला 1975-76 मध्ये अशी पिल्ले झाली, आणि 1978 च्या सुमाराला टोरांटोतच आणखी काही सापडली. पुढे डेव्हन रेक्स या कुरळ्या, आखूड केसांच्या जातीशी संकर करून वंश सावरला गेला. या दोन्ही जातींतला बदल केआरटी71 या एकाच जनुकातला आहे, हे 2010 मध्ये सिद्ध झाले. केसाचा धागा घट्ट धरून ठेवणारे केराटिन त्यामुळे नीट बनत नाही. केस उगवतो आणि तुटतो. म्हणून स्फिंक्स पूर्ण टकली नसते. पाठीवरून हात फिरवला तर पीचच्या सालीवर असते तशी बारीक लव लागते. रशियातल्या रोस्तोव्ह शहरात 1987 मध्ये सापडलेल्या वारवारा नावाच्या मांजरीपासून डॉन्स्कॉय ही दुसरी बिनकेसांची जात निघाली. तिचे जनुक वेगळे, प्रभावी. तेव्हा ‘बिनकेसांची’ हे एक घराणेसुद्धा नाही.

आता वकिलांचा पहिला आणि सर्वांत लाडका मुद्दा: केस नाहीत, म्हणजे काम नाही.

हा दावा करणाऱ्याने एकदा या मांजरीच्या उशीचा अभ्रा पाहावा. पांढरा असेल तर आठवड्यात त्यावर मध्यभागी पिवळट-तपकिरी गोल डाग पडतो, बोट फिरवले तर किंचित चिकट लागतो. मांजराच्या कातडीतून तेल स्रवत असतेच. केसाळ मांजरीत ते केसांवर पसरते आणि मांजर दिवसभर चाटून ते जागच्या जागी ठेवते. इथे केसच नाहीत, त्यामुळे तेल कातडीवर साचते, तिथून चादरीवर, सोफ्यावर, माणसाच्या सदऱ्यावर उतरते. मानेच्या आणि काखेच्या वळ्यांत काळपट मळ धरतो. पंजा हलकेच दाबून नख बाहेर काढले की नखाच्या मुळाशी तपकिरी थर दिसतो. तो ओल्या कापसाने एकेका नखाभोवती पुसावा लागतो, आणि अठरा नखांची ही ओळ मांजर शांतपणे बसू देईल याची खात्री नसते. कानात केस नसल्याने मेणासारखा मळ भरतो. तो साफ न केल्यास यीस्टचा संसर्ग होतो, मग वास येतो आणि मग डॉक्टर. साधारण आठवड्या-दोन आठवड्यांनी अंघोळ, तीही कोमट पाण्याने, मांजरासाठीच्या सौम्य शाम्पूने, आणि लगेच टॉवेलने वळीवळीतून कोरडी करून. रोज घासूनही चालत नाही. कातडी कोरडी पडते आणि शरीर आणखी तेल सोडू लागते.

केस जे काम फुकटात करत होते, ते सारे माणसाच्या अंगावर येते. ऊब, ऊन, तेल, ओरखडे, सगळेच. या जातीबद्दल बोलताना एवढे एक ध्यानात ठेवले तर निम्मा वाद मिटतो.

मराठी घरात हे काम थोडे अधिकच वाढते, कारण आपल्या स्वच्छतेच्या आणि घरगुती औषधांच्या सवयी मांजराच्या मुळावर येणाऱ्या आहेत. फरशी फिनाईलने पुसली आणि ओली असतानाच मांजर तिच्यावर पोट टेकून पसरली, तर ते रसायन थेट कातडीला लागते आणि चाटून पोटात जाते. फिनॉलवर्गीय पदार्थ निकामी करायची यंत्रणा मांजराच्या यकृतात दुबळी असते. टी-ट्री तेलाचेही तसेच. ‘नैसर्गिक’ म्हणून ते कातडीला लावणे म्हणजे विष चोळणे. कुत्र्यासाठी आणलेले परमेथ्रिन असलेले पिसवांचे औषध मांजराला लावल्यास जीव जाऊ शकतो, हे केसाळ मांजरीलाही लागू आहे. कोरड्या कातडीला खोबरेल चोळायचा आजीबाईंचा सल्ला निरुपद्रवी वाटतो, पण आधीच तेलकट असलेल्या अंगावर तेल कशाला? उन्हाचे काय, तर ही मांजर खरोखर उन्हाने भाजते. फिकट रंगाच्या कातडीला पुढे कर्करोगाचा धोका असतो. आपली सनस्क्रीन तिला चालत नाही, कारण तिच्यातले झिंक आणि सॅलिसिलेट ती चाटून खाते. उपाय साधा आहे: दुपारच्या वेळी गॅलरीचे दार बंद.

दुसरा दावा अॅलर्जीचा, आणि तो तर सरळ फसवणुकीचा आहे. माणसाला मांजराच्या केसाची अॅलर्जी नसतेच. ती असते प्रामुख्याने ‘फेल डी 1’ नावाच्या प्रथिनाची. हे प्रथिन मांजराच्या लाळेत आणि कातडीतल्या तेलग्रंथींत बनते. केस हे त्याचे वाहन, उगमस्थान नव्हे. स्फिंक्सला लाळ आहे, तेलग्रंथी आहेत, त्या जोरात चालतात, आणि मांजर दिवसभर माणसाच्या अंगाला घासत असते. काहींना या मांजरीजवळ कमी त्रास होतो, काहींना नेहमीएवढाच. घरात दम्याचे माणूस असेल तर कोणाच्या तरी घरी मोठ्या मांजरीसोबत पुन्हा पुन्हा तास-दोन तास बसून पाहणे, हीच काय ती कसोटी. विकणाऱ्याच्या शब्दावर दमेकऱ्याच्या घरी पिल्लू आणायचे आणि तीन महिन्यांनी ते ‘चांगले घर हवे’ म्हणून फिरवायचे, हा उद्योग नको.

तिसरा दावा ऐकून हसू येते: केस नाहीत म्हणून ही मांजर आपल्या उष्ण हवेला फारच योग्य. मांजराच्या शरीराला ऊब टिकवण्यासाठी जादा शक्ती खर्च करावी लागत नाही असे तापमान साधारण 30 अंशांपासून पुढे सुरू होते, आणि ते केसाळ मांजराचे. मुंबईच्या उन्हाळ्यात सावलीत स्फिंक्स सुखात असते, हे खरे. पण ती ज्या घरांत जाते त्या घरांत एसी 22 वर चालतो! दिवाळीनंतरचे पुणे आणि निफाडची थंडी वेगळीच. अंगातली ऊब सतत निघून जात असल्याने ती साध्या मांजरीपेक्षा जास्त खाते. हात लावला की ती तापल्यासारखी वाटते, पण तिचे तापमान इतर मांजरींइतकेच, 38 ते 39 अंशांच्या आसपास असते. मधे केसांचा पडदा नसतो इतकेच. तिला गोधडी हवी आणि एसीच्या झोताखालून हलता येईल अशी जागा हवी. पोलोगळ्याचा स्वेटर घालून फोटो काढणे हौसेचे. तो ओला किंवा मळका राहिला तर तेच कापड कातडी खराब करते.

इथवर वकिलांची बाजू पडली. म्हणून वैरी जिंकले असे मात्र नाही.

‘रूपासाठी पाळलेली, मख्ख, श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली शोभेची वस्तू’ हा आक्षेप घेणाऱ्यांनी ही मांजर घरात वावरताना पाहिलेली नसावी. शोभेची वस्तू एका जागी बसते. स्फिंक्स दाराची घंटा वाजली की पाहुण्याच्या आधी दाराशी असते, स्वयंपाकघरात पायांत येते, लॅपटॉपवर बसते, फ्रिजवर चढते आणि रात्री पांघरुणात शिरून गरम पाण्याच्या पिशवीसारखी पोटाशी पडून राहते. त्यावर वैरी म्हणतात, हे प्रेम नव्हे, ही उबेची गरज. असेलही. पण घरात ऊन आलेली खिडकी आणि गरम झालेला सेट-टॉप बॉक्स असताना ती माणूस निवडते, आणि नुसत्या मांडीवर समाधान न मानता तोंडाकडे पाहत म्याव करत राहते, याचा खुलासा उबेने होत नाही. माणसांतल्या माणसांत कोणाच्या प्रेमात गरज किती, हे मोजायला आपण जात नाही. मांजरीकडूनच एवढी शुद्धता कशासाठी मागायची?

उलट हीच गोष्ट तिच्या मालकावर नवे ओझे टाकते. नवराबायको दोघेही सकाळी आठला बाहेर, रात्री आठला घरी, आणि मधे बारा तास बंद फ्लॅट: अशा घरात ही मांजर घेऊ नये. तिला दुसरे मांजर तरी सोबतीला हवे किंवा माणूस. एकटेपणात ती आरडाओरडा करते, अंग चाटून चाटून लाल करते. गॅलरीला जाळी हवीच; मुंबई-पुण्यात उंच मजल्यावरून पडलेल्या मांजरी पशुवैद्यांना नव्या नाहीत.

आता गंभीर वैऱ्यांचे म्हणणे. 2015 मध्ये बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयाने एका स्फिंक्स बोक्याची नसबंदी करण्याचा आदेश कायम केला. न्यायालयाचा रोख टक्कलावर नव्हता, मिशांवर होता. मांजराच्या मिशा म्हणजे दागिना नव्हे; अंधारात वाट काढायला, जवळची वस्तू जोखायला त्या लागतात, आणि त्या बोक्याला त्या नव्हत्या. नेदरलँड्सने 1 जानेवारी 2026 पासून बिनकेसांची आणि दुमडल्या कानांची नवी मांजर पाळण्यावर बंदी घातली. त्याआधी जन्मलेल्या आणि चिप बसवलेल्या मांजरींना घरी राहता येते.

या बंदीवर प्रजनन करणारे चिडतात, ‘आमची मांजर सुखी आहे’ म्हणतात. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. कातडी, ऊन, थंडी, तेल यांबाबतची उणीव माणूस भरून काढू शकतो, आणि चांगली घरे ती काढतातही. ‘हिला जगणेच यातना’ हा आक्षेप तिथे टिकत नाही. मिशांची उणीव कोण भरून काढणार? आणि हृदयाची? स्फिंक्स जातीत हृदयाचा स्नायू जाड होण्याचा रोग, हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, मोठ्या प्रमाणात आढळतो. वरून काहीच दिसत नाही. खेळती मांजर एक दिवस धापा टाकू लागते, किंवा रक्ताची गुठळी अडकून तिचे मागचे पाय लुळे पडतात, किंवा ती सरळ मरून पडते. 2021 मध्ये संशोधकांनी एएलएमएस1 या जनुकातला एक बदल या रोगाशी जोडला, पण तो असलेल्या प्रत्येक मांजरीला रोग होत नाही, म्हणून जनुकचाचणीचा कागद पुरेसा नाही. हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, वर्षातून एकदा करावा लागतो. वयाच्या पहिल्या वर्षी स्वच्छ आलेला अहवाल पाचव्या वर्षाची हमी देत नाही. घरच्या घरी करण्याजोगे एवढेच: मांजर गाढ झोपलेली असताना छाती मिनिटात किती वेळा हलते ते मोजावे. ही संख्या तीसच्या वर जाऊ लागली तर उद्याची वाट पाहू नये.

म्हणून बंदी की मोकळीक, या प्रश्नाचे उत्तर केसांत शोधण्यात अर्थ नाही. मिशा असलेल्या, हृदय तपासलेल्या नर-मादीपासूनच वंश वाढवायचा, एवढी अट पाळणारी जात टिकायला हरकत नसावी. ती पाळता येत नसेल तर डच सरकारने केले ते योग्यच. बिनकेसांच्या मांजरीचा आखूड पायांच्या मंचकिनशी संकर करून ‘बॅम्बिनो’ नावाने विकतात, त्याला तर कोणत्याही बाजूने समर्थन नाही. एक उणीव पुरत नाही म्हणून दुसरी जोडायची हा निव्वळ धंदा.

भारतात ही अट घालणार कोण, हा पेच आहे. केंद्राचे 2017 चे प्रजननविषयक नियम कुत्र्यांपुरते आहेत. मांजरींच्या प्रजननाला तसे वेगळे नियम नाहीत. 2018 च्या पेट शॉप नियमांनुसार दुकानाला राज्य प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते, पण इन्स्टाग्रामवरून होणारी विक्री त्या जाळ्यात सहसा सापडत नाही. कायदा येईपर्यंत गिऱ्हाईक हाच कायदा. पिल्लू घ्यायला जाणाऱ्याने किंमत विचारण्याआधी पिल्लाच्या आईबापांना समोर आणायला सांगावे, त्यांच्या मिशा पाहाव्यात, आणि दोघांचे गेल्या वर्षभरातले इको रिपोर्ट मागावेत. विकणारा टाळाटाळ करू लागला, तर पैसे खिशात ठेवून घरी यावे.