बाईचं नाव दाव्यावर, बाईचा प्रश्न मिटिंगमध्ये



वनजमिनीच्या मोर्चात पुढं कोण असतं? बाया. फॉरेस्टवाले पीक उपटायला आले तर आडव्या कोण होतात? बाया. पण त्याच बाईला रात्री नवऱ्यानं दारू पिऊन मारलं तर आपण काय म्हणतो? "घरचं भांडण हाये, संघटनेनं त्यात पडू नये." हे आता बंद झालं पाहिजे.

काही कार्यकर्ते म्हणतात, आधी जमीन मिळू द्या, बायांचं नंतर बघू. त्यांनी शहाद्याचा इतिहास बघावा. १९७२ साली तिथं श्रमिक संघटना उभी राहिली. अंबरसिंग सुरतवंती पुढारी होते. भिल्लांच्या गेलेल्या जमिनी परत घ्यायच्या, मजुरी वाढवून घ्यायची, अशी लढाई होती. वर दुष्काळ. तरी त्याच काळात बायांचं शिबिर झालं. तिथं दारूचा अन् माराचा विषय निघाला. मग बायांनी गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडली. मारणाऱ्या नवऱ्याला चारचौघांत माफी मागायला लावली. 'नंतर बघू' म्हणत त्या थांबल्या नाहीत.

मार खाऊन बाई गप्प का बसते? तिला जायला जागा नसते. माहेरची जमीन भावाची, सासरची नवऱ्याची. नागली लावते ती, निंदते ती, कापते ती, पण कागदावर ती कुठंच नाही. म्हणून तर "निघ माझ्या घरातून" म्हणायची नवऱ्याची हिंमत होते.

वनहक्क कायदा २००६, कलम ४(४) सांगतं की लग्न झालेलं असेल तर हक्क नवरा-बायको दोघांच्या नावानं. घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा सांगतो की घर कुणाच्याही नावावर असो, बाईला तिथं राहायचा हक्क आहे.

म्हणून आपण काय करायचं?

दावा भरताना बायकोचं नाव घातलं का, ते तपासा. विधवा अन् टाकलेल्या बाईचा दावा तिच्या स्वतःच्या नावानं भरा. वनहक्क समितीत एक तृतीयांश बाया पाहिजेत, त्या नुसत्या अंगठ्यापुरत्या नको. पाड्यावर मारहाण झाली तर लगेच मिटिंग घ्या, आधी बाईचं ऐका. मारणारा आपला कार्यकर्ता असला तरी.

जो घरात बायकोवर हात उचलतो, त्याच्या हातात मोर्चाचा झेंडा देऊ नका.