टर्बो गाडीला कोणते ऑइल घालाल?

नवी गाडी घेताना रंग, सीट आणि म्युझिक सिस्टिमची चौकशी घरातले सगळेच करतात. इंजिन ऑइलचे मात्र सर्व्हिसिंगच्या वेळी मेकॅनिक जे ओतेल तेच खरे! साध्या गाडीत हे एक वेळ खपून जाते, पण टर्बो गाडीत ते महागात पडते.

टर्बोला ऑइल एवढे का लागते?

इंजिनातून बाहेर पडणाऱ्या गरम वायूंच्या जोरावर टर्बोचे एक चक्र फिरते. त्याच दांड्यावरचे दुसरे चक्र इंजिनात जादा हवा ढकलते. म्हणून छोटे इंजिनही मोठी ताकद देते. हा दांडा मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेऊ शकतो. पेट्रोल गाडीत हे वायू ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतात. दांड्याला आधार असतो तो फक्त ऑइलच्या पातळ थराचा. हलक्या प्रतीचे ऑइल इथे करपते, त्याची काजळी साचून बारीक वाटा तुंबतात आणि टर्बो निकामी होतो. म्हणूनच अशा गाड्यांना सिंथेटिक ऑइल लागते.

डब्यावर काय वाचाल?

● ५डब्ल्यू-३० : पहिला आकडा थंडीत ऑइल किती सहज वाहते ते सांगतो, दुसरा तापल्यावर किती दाट राहते ते. 'जाड ऑइल जास्त चांगले' हा गैरसमज आहे. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला ग्रेडच घ्या.

● एपीआय : काही टर्बो पेट्रोल इंजिनांत कमी वेगात वरच्या गिअरवर जोर दिला, की इंधन अवेळी पेटते आणि पिस्टनलाही तडा जाऊ शकतो. हा धोका कमी करणारी एसपी श्रेणी २०२० मध्ये आली, तर एसक्यू २०२५ मध्ये.

● डिझेल : एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो राखेने तुंबू नये म्हणून कमी राखेचे ऑइल लागते. अशा ऑइलच्या डब्यावर एसीईए सी२, सी३ अशा खुणा असतात.

● महागड्या वेगवान गाड्या : बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, फोक्सवॅगन या कंपन्या ऑइलला स्वतःची मंजुरी देतात. पुस्तिकेतील मंजुरी डब्यावर आहे ना, ते ताडून पाहा.

एवढे जरूर करा

● गाडी सुरू करताच रेस करू नका. घाट चढून आल्यावर किंवा हायवेवरून वेगात आल्यावर इंजिन मिनिटभर चालू ठेवून मगच बंद करा.

● पंधरा दिवसांनी सपाट जागी, इंजिन बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक पाहा. ऑइलची पातळी वाढली असेल किंवा त्याला पेट्रोलचा वास येत असेल, तर त्यात इंधन मिसळते आहे असे समजा व गॅरेज गाठा.

● रोज शाळा-बाजार एवढीच फेरी होत असेल, तर किलोमीटर पुरे होण्याची वाट पाहू नका. पुस्तिकेतील मुदतीनुसार ऑइल आणि फिल्टर दोन्ही बदला.

● सीलबंद डबा समोर फोडायला सांगा, बिल घ्या. रिकामा डबा भोक पाडूनच टाका, नाहीतर त्यात बनावट ऑइल भरून तो पुन्हा बाजारात येऊ शकतो.

चांगल्या ऑइलला चार पैसे जास्त पडतील खरे, पण नव्या टर्बोच्या बिलापुढे ते काहीच नाहीत.