जगावेगळं बालपण कुणाचं?

मध्यंतरी आमच्या कामठीच्या गटात वंगारी मथाई यांच्या आत्मकथनावर बोलणं झालं. २००४ साली शांततेचं नोबेल मिळवणारी ही पहिली आफ्रिकन स्त्री. १९४० साली केनियातल्या इहिथे या खेड्यात जन्मली. पुस्तक २००६ सालचं. पुढचे लढे त्यात आहेतच, पण आमच्या बायकांचं मन गुंतलं ते बालपणात. सरपण आणायला निघालेल्या लेकीला आई बजावते, त्या मोठ्या उंबरासारख्या झाडाची काटकी आणू नकोस, ते देवाचं झाड आहे. झऱ्यातली बेडकांची अंडी मणी समजून पोरगी उचलते, ती हातातून निसटतात. आणि एके दिवशी मोठा भाऊ आईला विचारतो, वंगारी आपल्यासारखी शाळेत का जात नाही? आई कबूल होते.

एकजण म्हणाली, "आमच्या भावाले नाई सुचलं हे!" सगळ्या हसल्या.

किती जगावेगळं बालपण, असं गटात दोनतीनदा म्हटलं गेलं. मला ते पटलं नाही. सरपण वाहणं, धाकटी भावंडं सांभाळणं यात जगावेगळं काय? जगावेगळी होती ती शाळा. आणि शाळेत गेली म्हणूनच तर लिहू शकली.

आपल्याकडेही तेच. उमरेडच्या जाईबाई चौधरी लहानपणी दुष्काळामुळे नागपुरात आल्या, नवव्या वर्षी लग्न झालं. कामठी-नागपूरच्या वाटेवर त्या ओझी वाहत. ग्रेगरी नावाच्या मिशनरी बाईनं त्यांना शिकायला मदत केली, शिक्षिका केलं. अस्पृश्य बाई शिकवते म्हणून पालकांनी मुलं काढली, नोकरी गेली. तरी १९२२ साली जाईबाईंनी मुलींसाठी चोखामेळा शाळा काढली. हे मला ठाऊक झालं ते उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या 'आम्हीही इतिहास घडवला' या पुस्तकामुळे. त्या दोघी घरोघरी जाऊन बायकांशी बोलल्या, टिपून घेतलं. त्याच वाटेनं ओझी वाहणाऱ्या बाकीच्या बायकांचं काय?

आमच्या घरी माय विड्या वळायची. पानं भिजवायची, कापायची, सूप मांडीवर घेऊन रात्रीपर्यंत वळायची. ठेकेदार मोजताना मूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढी, त्यांचे पैसे देत नसे. घरात दोन पोरी. एकीनं मायच्या हाताखाली बसायचं, एकीनं शाळेत जायचं. बसली ती माझी मोठी बहीण. तिच्या विड्यांवर माझ्या वह्या आल्या, आणि 'बालपणीच्या आठवणी' म्हणून लेख लिहिते मी! हा हिशेब मी आजवर कुठंच मांडला नव्हता.

गटांनी आता शिबिरांचे अहवाल थोडे कमी लिहावेत, आणि अशा बहिणींजवळ वही घेऊन बसावं. आम्ही सुरुवात केली आहे. ताईला विचारलं तर म्हणाली, "माह्यापाशी काय हाय सांगाले?" मग स्वतःच बोलू लागली. तू शाळेतून आली की मी तुह्या पुस्तकातले चित्रं पाहत होती, म्हणाली. तुले माईत नाई.