रोपांचा उजेड लक्समध्ये मोजू नये

घरातील मांडणीवर कृत्रिम दिव्यांखाली भाजीपाला घेण्याची प्रथा मुंबई उपनगरांत आता नवी राहिलेली नाही. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या भागांत जमीन दुर्मीळ, गच्ची सहकारी गृहसंस्थेच्या मालकीची आणि सज्जासमोर उंच इमारत उभी. अशा स्थितीत एखाद्या खोलीत लेट्यूस किंवा मेथी-मोहरीची कोवळी रोपे वाढवून विकण्याचा मार्ग काही कुटुंबांनी पत्करला आहे. या उद्योगात बियाणे व खत यांचा खर्च अल्प. मोठा खर्च दिव्यांचा व विजेचा. आणि नेमक्या याच बाबतीत खरेदी होते ती अंदाजाने, किंवा त्याहून वाईट म्हणजे चुकीच्या मापाने. हे मी इतरांस दोष देण्यासाठी लिहीत नाही. ते चुकीचे माप मी स्वतः वापरले आहे आणि त्याचा भुर्दंड दुसऱ्यास पडला आहे.

मुलुंड येथील एका भगिनीने कर्ज काढून लेट्यूसची मांडणी उभारली होती. दिवे तांबड्या व निळ्या एलईडींचे, म्हणजे दिसावयास जांभळे. मी भेटीस गेलो तेव्हा माझ्याजवळ साधा लक्समीटर होता. पानांच्या उंचीवर धरताच त्याने १,८०० लक्स दाखविले. उन्हात जेथे एक लाख लक्स मिळतात तेथे हा उजेड काय पुरणार, असे समजून मी पांढरे दिवे घेण्याचा सल्ला दिला. नव्या दिव्यांखाली ८,००० लक्स भरले. खोली उजळली, आम्हा दोघांचेही समाधान झाले. परंतु पुढील लावणीची रोपे लांबोडी, फिकट व लुळी निघाली आणि तो माल उपाहारगृहाने परत केला. पुढे एका महाविद्यालयातून फोटॉन मोजणारे यंत्र मागून आणले, तेव्हा उलगडा झाला. जांभळे दिवे प्रति चौरस मीटर दर सेकंदास सुमारे २४० मायक्रोमोल प्रकाशकण देत होते. पांढरे दिवे अवघे ११५. म्हणजे माझ्या सल्ल्याने त्या बाईंनी पदरचे पैसे खर्चून पिकाचा आहार निम्म्यावर आणला.

असे का व्हावे? लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी बसविलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या पिवळसर हिरव्या प्रकाशास सर्वांत अधिक संवेदनशील असतो. ६६० नॅनोमीटरचा गडद तांबडा किंवा ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश त्यास मंद भासतो. लक्समीटर डोळ्याचीच नक्कल करतो. पानाचा व्यवहार निराळा. प्रकाश हा सुट्या कणांच्या रूपाने शोषला जातो ही कल्पना आइन्स्टाइनने १९०५ साली मांडली आणि या कणांस फोटॉन हे नाव १९२६ साली रूढ झाले. कर्बग्रहणाच्या क्रियेत पान हे कण नगावर मोजून घेते. निळ्या कणात तांबड्यापेक्षा ऊर्जा अधिक असते, परंतु हरितद्रव्य ती जास्तीची ऊर्जा उष्णतेच्या रूपाने सोडून देते. काम एका कणाचे एकच. खुरपणीस आलेल्या माणसांची हजेरी आपण डोकी मोजून लावतो, वजन करून नव्हे, तसेच हे. कार्बन डायॉक्साइडचा एक रेणू बांधण्यास आठ ते दहा फोटॉन लागतात. मॅक्री या शास्त्रज्ञाने १९७२ साली २२ जातींच्या पिकांवरील मोजमापे प्रसिद्ध केली व त्यानंतर ४०० ते ७०० नॅनोमीटरमधील सर्व फोटॉन सारखे धरून मोजण्याची पद्धत सर्वत्र स्थिरावली. एक मायक्रोमोल म्हणजे ६,०२२ कोटी कोटी कण. आकडा अवाढव्य वाटतो, पण भर दुपारच्या उन्हात असे सुमारे २,००० मायक्रोमोल एका चौरस मीटरवर दर सेकंदास पडत असतात.

फोटॉनची गणती हा प्रयोगशाळेतील छंद आहे, असे काही सहकारी मला म्हणतात. त्यांना मी आपल्याच जिल्ह्यातील ट्रॉम्बेचे उदाहरण देतो. तेथील भाभा अणुसंशोधन केंद्राने किरणोत्सर्गाच्या साह्याने भुईमुगाच्या व उडिदाच्या ज्या सुधारित जाती काढल्या, त्यांपैकी टीएजी २४ व टीएयू १ आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाच्या आहेत. कोबाल्ट ६० मधून निघणारे गामा किरण हेही फोटॉनच. मात्र त्यातील एकेका कणाची ऊर्जा तांबड्या प्रकाशकणाच्या सहा लाख पटींहून अधिक. तेथे नुसती संख्या उपयोगी नाही. पदार्थाने किती ऊर्जा शोषली ते ग्रे या एककात मोजतात. लासलगावच्या विकिरण केंद्रातून २००७ साली हापूस अमेरिकेस गेला, तेव्हा किमान ४०० ग्रे मात्रा देणे बंधनकारक होते आणि ती मिळाल्याची खात्री पेट्यांत मात्रामापक ठेवून केली जाते. आंब्याच्या पेटीस जी शिस्त लागू आहे, ती कर्ज काढून घेतलेल्या दिव्यास का नसावी?

दिव्यांच्या बाजारातील स्थिती मात्र निराळी आहे. खोक्यावर १,००० वॅट छापलेला दिवा प्रत्यक्षात शंभर वॅटच वीज घेतो, असे अनेकदा आढळते. वॅट म्हणजे दिव्याने किती वीज घेतली. त्यातून कण किती बाहेर आले हे त्यावरून कळत नाही. घरगुती वापराची २० वॅटची, २,००० ल्युमेनची पांढरी नळी दर सेकंदास सुमारे २९ मायक्रोमोल देते. एक चौरस मीटर मांडणीवर २०० मायक्रोमोल पाडावयाचे, तर इकडेतिकडे जाणारा प्रकाश धरून अशा आठ नळ्या लागतात आणि दिवसाचे १४ तास त्या जळल्या तर सव्वादोन युनिट वीज खर्च होते. दर वॅटला २.५ मायक्रोमोल देणारा शेतीचा चांगला दिवा हेच काम सुमारे १.३ युनिटांत करतो. महिनाअखेरीस वीजबिलात हा फरक ठसठशीत दिसतो. किंमत अधिक म्हणून असा दिवा नाकारणे मला योग्य वाटत नाही. मात्र विक्रेता हा आकडा लेखी देत नसेल, तर दिवा मुळीच घेऊ नये.

लेट्यूसला दिवसभरात १२ ते १७ मोल प्रकाश हवा. मुलुंडच्या जांभळ्या दिव्यांखाली १४ तासांत १२ मोल मिळत होते, पांढऱ्यांखाली पावणेसहा. सुदैवाने जुने दिवे माळ्यावर तसेच होते. ते पुन्हा टांगले आणि पीक सावरले. पांढऱ्यांपैकी दोन आता जिन्यात लावले आहेत व तेथे उजेड उत्तम पडतो.

ज्यांच्याजवळ केवळ लक्समीटर आहे त्यांनी उन्हातील वाचनास ५४ ने व पांढऱ्या एलईडीखालील वाचनास सुमारे ७० ने भागावे. मायक्रोमोलचा कामचलाऊ अंदाज येतो. जांभळ्या दिव्याखाली हा हिशेब लावू नये, तेथे माझ्यासारखीच फसगत होईल. शिवाय दिवा घेण्यापूर्वी आपला सज्जा व खिडकी मोजून पाहावी. खिडकीलगत मिळणारा प्रकाश खोलीत दोन हात आत जाताच झपाट्याने घटतो. मांडणी नुसती सरकवून काही दिव्यांचा खर्च वाचल्याचे मी घाटकोपरला पाहिले आहे.

फोटॉन मोजणारे यंत्र एका कुटुंबाने विकत घेणे परवडणारे नाही व त्याची आवश्यकताही नाही. आपल्या जिल्ह्यात अंधेरी, बोरिवली व कुर्ला हे तीन तालुके आहेत. प्रत्येकी एक यंत्र ठेवले व ते ठरावीक दिवशी मागणीप्रमाणे घरोघर नेले, तर तीन यंत्रांत काम भागेल. अशा मांडणीसाठी अर्थसाह्याची शिफारस करताना पानांच्या उंचीवरील, मधल्या व चारही कोपऱ्यांतील वाचने अर्जास जोडण्याची अट घालावी, असे माझे मत आहे. मोजणी रात्री, खिडक्या झाकून करावी, म्हणजे उन्हाचे कण दिव्याच्या नावावर जमा होणार नाहीत.