एकच तर तार तुटली आहे!



गावोगावी आता मोटारसायकली झाल्या, तरी सायकल अजून हद्दपार झालेली नाही. बेळगाव-खानापूरच्या बाजूस पहाटे दुधाचे कॅन हँडलला अडकवून निघणारा शेतकरी आजही दिसतो. कर्नाटक सरकारने 2006-07 पासून पुढे कित्येक वर्षे सरकारी व अनुदानित शाळांतील आठवीच्या मुलामुलींस सायकली वाटल्या; त्यांतील काही आज धाकट्या भावंडांकडे, तर काही वडिलांकडे आल्या आहेत. अशा सायकलीचे मागले चाक निरखून पाहावे, तर एखादी तार गळालेली आणि रिम डावीउजवीकडे डुलत असलेली आढळते. विचारणा केली की उत्तर ठरलेले असते : “फादर, एकच तर तार तुटली आहे. चालते ना? मग चालू द्या.”

चालते हे खरेच आहे. घात होतो तो त्यामुळेच.

बैलगाडीचे चाक ज्यांनी जवळून पाहिले आहे, त्यांस आऱ्याचे काम ठाऊक असते. तुंब्यावर आलेले ओझे खालचा आरा खांबासारखा पेलतो. लोहार लोखंडी धाव तापवून चढवितो आणि ती निवून आवळली की सारे चाक घट्ट होते. सायकलीच्या बारीक तारेस हे खांबाचे काम जमावयाचे नाही; ती बोटाने दाबली तरी वाकते. तिला सोसते ती केवळ ओढ. म्हणून मांडवाच्या खांबास चोहोबाजूंनी तणावे द्यावेत, त्याप्रमाणे सायकलीची प्रत्येक तार आधीच ताणून ठेवलेली असते. आपल्या जुन्या धाटणीच्या काळ्या, वजनदार सायकलीत पुढच्या चाकास 32 आणि मागच्यास 40 तारा असतात. माणसाचे, कॅरियरवरील पोत्याचे व पायंडलाच्या ओढीचे ओझे मागे पडते, म्हणून तेथे आठ अधिक. ही ताणलेल्या चाकाची कल्पना इंग्लंडच्या जॉर्ज केली ह्यांस 1808 साली सुचली, तीही सायकलीसाठी नव्हे, तर उडत्या यंत्रासाठी! सायकलीच्या तारांच्या चाकाचे पेटंट पुढे 1869 साली पॅरिसच्या यूजीन मेयर ह्यांनी घेतले. असो.

आता ह्या तारांपैकी निम्म्या हबच्या उजव्या बाजूस व निम्म्या डाव्या बाजूस जातात, आणि दोन्हीकडील ओढ सारखी असते तोवरच रिम मध्यावर उभी राहते. डावीकडील एक तार तुटली की त्या जागी उजव्या तारांस अडविणारे कोणी उरत नाही. त्या रिमला आपल्याकडे खेचतात. ह्यालाच आपण चाक ‘औट’ झाले म्हणतो. तुटलेल्या तारेचा भार शेजारच्या तारांवर पडतो. चाक फिरताना खाली आलेली तार क्षणभर सैलावते आणि वर जाताना पुन्हा ताणली जाते. 28 इंची चाकाचे एका किलोमीटरला साडेचारशेच्या आसपास फेरे होतात. तेवढ्या वेळा प्रत्येक तारेस हा हिसका बसतो, आणि शेजारणींस तो पहिल्यापेक्षा अधिक बसतो. तार वाकवून सरळ करीत राहिले की ती अखेर तुटते, हे कुंपण घालणाऱ्यास सांगावयास नको. ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांनी पाडलेल्या चाकोऱ्या असल्या, म्हणजे दुसरी तार तुटावयास वेळ लागत नाही. तिसरी तर त्याहून लवकर जाते.

परंतु तारेहूनही आम्हास भय वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. रिम डुलू लागली की ती ब्रेकच्या रबरास घासते, सायकल जड चालते, आणि घरचा मनुष्य काय करतो? पाना घेऊन ब्रेकच ढिला करतो. घासणे थांबते, सायकल हलकी झाली म्हणून तो समाधान पावतो. पुढे नळीवर लेकरू, मागे भरलेले कॅन, आणि ओढ्याकडे उतरणारा ओला रस्ता! त्या उतारावर ब्रेक रिमला पोहोचेल की नाही, हे त्याला तेथेच कळावयाचे. ज्याने ब्रेक ढिला केला त्याने चाक दुरुस्त केले नाही, थांबण्याचे साधन मात्र टाकून दिले.

वाटेत तार तुटली, तर प्रथम लेकरास व ओझ्यास खाली उतरवावे. तुटलेली तार शेजारच्या तारेस गुंडाळावी, नाहीतर ती साखळीत अडकते. मग चाक उचलून हाताने फिरवावे. मागच्या चाकाची एकच तार गेली असून टायर कोठेही घासत नसेल, तर सपाटीवर सावकाश जाता येईल. उतार मात्र पायीच उतरावा. पुढच्या चाकाची तार गेली, रिमला चीर पडली किंवा ती दुमडली, तर आमचे मत विचाराल तर सायकल हाती धरून चालावे, गाव तीन कोस असले तरी. दुमडलेली रिम झाडाच्या बुंध्याशी दाबून सरळ करणारे हुशार गडी आहेत. ती सरळ दिसते एवढेच. तिच्यावर माणूस बसवू नये. हवा गेलेल्या चाकावर बसून जाणेही महाग पडते, कारण रिमखाली ट्यूब व टायर दोन्ही कापली जातात.

औट काढण्याचे काम दिसते तितके सोपे नाही. रिम उजवीकडे गेली असेल, तर तेथील डाव्या तारांची निपले आवळावयाची व उजव्या सैल करावयाच्या, तेही एका वेळी अर्ध्या फेऱ्याहून अधिक नाही. घरच्या पकडीने निपलाचे कोने झिजतात आणि मग पानाही धरत नाही. तेव्हा हे काम मिस्त्रीकडेच द्यावे. फ्रीव्हीलच्या बाजूची तार तुटली असेल, तर फ्रीव्हील उतरविल्यावाचून नवी तार सहसा घालता येत नाही. त्या खटपटीमुळे काही मिस्त्री “पुढच्या खेपेस बघू” म्हणतात. त्यांस तसे म्हणू देऊ नये. बाकावर बसून राहावे. नवी तार चार दिवसांत थोडी बसते व सैल पडते, म्हणून आठवड्याने पुढच्या बाजाराच्या दिवशी ते चाक त्यांस पुन्हा एकदा दाखवावे.